बीपी नॉर्मल, पण आईंचे पाय सुजतात: अनुभवाचे चार शब्द

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच तीन वर्षांपूर्वीची फाइल कुणीतरी उघडली असं वाटलं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने आईंचा बीपी 124/76, डॉक्टर खूश; पण पाय सुजतात, म्हणून लघवीची गोळी सुरू झाली आणि आता त्या रात्री चारदा उठतात. "यापेक्षा बीपीच बरा होता" हे त्यांचं वाक्य मीही घरी जसंच्या तसं बोलले आहे.

मीठ, चालणं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. आणि मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

मलाही हीच बीपीची गोळी होती, 10 मिलिग्रॅमवर सूज आली. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. ज्या ओपीडीत जायचे (नाव नको), तिथे दीड तास रांग आणि दीड मिनिट तपासणी. दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, आकडा केसपेपरवर लिहिला, "मस्त आहे की मावशी!" घोटा दाखवला तर लघवीची गोळी लिहून दिली. अ‍ॅम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांतून पाणी पाझरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ती सूज फारशी हटत नाही. हे मला फार उशिरा कळलं. दर महिन्याला तोच घोटा दाखवत होते, कुणी एका शब्दाने बोललं नाही. अजून राग येतो.

त्यात माझा गाढवपणा. सकाळी गोळ्यांची गर्दी नको म्हणून लघवीची गोळी मी रात्री जेवल्यावर घ्यायला लागले. झोपेचं खोबरं झालं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. वय झालं, असं मीच ठरवून टाकलं आणि घरात बोलले नाही. एका पहाटे बाथरूमच्या उंबऱ्यात पडले. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. वेणी घालायलाही सून लागायची.

प्लास्टर घातलं तिथल्या फिजिशियननी पहिल्यांदाच मला उभं करून बीपी मोजला. बसून वरचा 122, उभी राहिल्यावर 96! हा फरक 20 किंवा जास्त असेल तर दुर्लक्ष करायचं नसतं म्हणे. त्यांनी लघवीची गोळी बंद केली, अ‍ॅम्लोडिपिन 5 वर आणलं, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली आणि पुढे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासून घेतलं. तीनेक आठवड्यांत घोटे दिसायला लागले. बीपी 130 च्या आत-बाहेर असतो.

हे माझं झालं. आईंची गोळी यावरून बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. सूज एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल तर आजच दाखवा, ते प्रकरण वेगळं असू शकतं.

माझं स्पष्ट मत: डॉक्टरांपुढे आकड्याच्या आधी त्रासाची चिठ्ठी ठेवा. रात्री कितीदा उठतात, चक्कर कधी येते, काय करायचं सोडलं. माझ्या चिठ्ठीत होतं, "भजनाला जाणं बंद, तिथलं बाथरूम वरच्या मजल्यावर." डॉक्टरांनी तेच आधी वाचलं.

आणि हो, आईंची पर्स बघा. आमच्या पिढीकडे गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी सापडतेच. त्यानेही बीपी आणि सूज वाढू शकते.

लघवीची गोळी त्या किती वाजता घेतात? एवढं आज विचारा. तोवर बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहू दे, आणि उठताना त्यांना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगा.