जीन टेस्टच्या मागे आधी लागू नका
ताई, मुलगा वाचताना अडकतो म्हणून लगेच जीन टेस्टला धावू नका, त्याने डिस्लेक्सियाचं, म्हणजे हुशार मुलालाही वाचायला-लिहायला जड जाण्याच्या अडचणीचं, निदान होतच नाही. घराण्यात चालतो हे खरंय, जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटा साधारण 40 ते 70 टक्के निघतो, पण त्याचं एकच असं जीन नाहीये. सहाव्या क्रोमोसोमवरच्या (गुणसूत्रावरच्या) डीसीडीसी2, केआयएए0319 या जीन्सची नावं सारखी दिसतील, 2022 च्या मोठ्या अभ्यासात तर डिस्लेक्सियाशी जोडलेल्या डीएनएवरच्या 42 जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी चिमूटभर. त्यापेक्षा सासरी-माहेरी दोन्हीकडे विचारा ना, शाळेत वाचायला कोण अडकायचं. आमच्या इंदूरच्या मामांना सगळे ढ म्हणायचे, हिशोबात एकदम पक्के पण सराफ्यातल्या पाट्या अजून बोटाने अक्षर-अक्षर जोडत वाचतात. आधी 'आमच्याकडे असलं काही नाही' हेच ऐकू येईल, परत विचारा (खापर सुनेच्या माहेरावरच फुटतं, ते सोडा). मग डोळे-कान तपासून ती माहिती घेऊन सायकॉलॉजिस्टकडे जा, हिंदी, इंग्लिश दोन्हीत वाचून घ्यायला सांगा. आणि जीनमध्ये आहे म्हणजे काही करता येत नाही असं नसतं हं, अक्षर आणि आवाजाची जोडी रोज थोडी थोडी करून घेतली की फरक पडतो, ते आजपासूनच सुरू करा, सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल.