जपानात इवाकीला राहायला येताय, वादळात फुकुशिमाच्या त्या अणुवीज प्लांटचं काय होईल विचारलंत, त्यावर

कंपनी दोन-तीन वर्षांसाठी इवाकीला पाठवतेय, बायको आणि चार वर्षांची लेक बरोबर येणार, आणि तुमच्या आईंनी धोशा लावलाय की तायफूनमध्ये (म्हणजे इकडच्या चक्रीवादळात) तो मोडका फुकुशिमाचा प्लांट परत फुटला तर काय. मी मूळची सांगलीची, २०१७ पासून इथेच आहे आणि माझ्या सासूबाई दर सप्टेंबरला फोन करून हेच विचारतात, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे म्हणा ना.

प्लांट इवाकीपासून साधारण ४५ किमी उत्तरेला, ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या हद्दीत. २०११ ला जे झालं ते वाऱ्यापावसानं नव्हतं झालं. भूकंपानं बाहेरची वीज गेली, मग त्सुनामीचं पाणी १४-१५ मीटर चढलं, तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, पंप बंद पडले, आणि अणुभट्टी नुकतीच बंद केलेली असताना इंधन भयंकर तापलेलं असतं ते काही तासांत वितळायला लागलं. आता तेच वितळून थिजलेलं इंधन आत पडून आहे पण इतक्या वर्षांत त्याची उष्णता खूप उतरलीय, म्हणजे थंड करायचं पाणी थोडा वेळ थांबलं तरी तेव्हासारखी तासातासाची घाई नसते. समुद्राच्या बाजूला १३ ते १६ मीटर उंचीची नवी भिंतही २०२४ मध्ये पूर्ण झाली.

तायफूनमध्ये तिथली खरी डोकेदुखी म्हणजे पाणी. गळकं छप्पर काय असतं ते आपल्याला कुणी समजवायला नको, तर १ नंबरच्या अणुभट्टीच्या इमारतीचं छप्परच हायड्रोजनच्या स्फोटात उडालं होतं. वरून पाऊस पडणार, मागच्या डोंगराकडून जमिनीतलं पाणी येणार, ते तडे गेलेल्या तळघरांत शिरून त्या इंधनाला लागलं की दूषित झालं. म्हणून त्यांनी आवारातली जमीन फरसबंद केली, विहिरी खणून आधीच पाणी उपसायला लागले आणि इमारतींभोवती दीड किमी लांब, ३० मीटर खोल माती चक्क गोठवून भिंत केली. २०१४ च्या सुमारास रोज ५०० टनांच्या वर दूषित पाणी तयार व्हायचं ते आता १०० टनांच्या खाली आलंय, पण मोठा पाऊस झाला की आकडा वर जातोच. ते पाणी गाळून हजारावर टाक्यांत साठवलंय, आणि ऑगस्ट २०२३ पासून पातळ करून समुद्रात सोडतात, ट्रिटियम (गाळूनही न निघणारा किरणोत्सारी हायड्रोजन) लिटरला १५०० बेक्वेरेलच्या, म्हणजे किरणोत्साराच्या एककाच्या, आत ठेवून (कायद्याची मर्यादा ६० हजार आहे). जुलै २०२५ ला रशियातल्या कामचाटकाच्या भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा आला तेव्हा सोडणं थांबवून माणसं उंचावर नेली होती.

आता टेपकोवर, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या वीज कंपनीवर, माझा डोळे झाकून विश्वास आहे असं समजू नका हं. २०१३ ला एका टाकीतून ३०० टन गळल्यावर कळलं, आणि फेब्रुवारी २०२१ च्या भूकंपात ३ नंबरच्या अणुभट्टीचे भूकंपमापक आधीपासूनच बंद होते हे नंतर कबूल केलं, म्हणजे बघा. म्हणून मी बातम्यांपेक्षा पार्कातला किरणोत्सार मोजणीचा खांब बघते. इवाकीत त्यावरचा आकडा ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (अंगाला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप) आतबाहेर असतो, आपल्याकडे केरळच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर याच्या कितीतरी पट भरतं. हां, वादळ आणि किरणोत्सार खरंच एकत्र आले ते २०१९ ला याच फुकुशिमा प्रांतातल्या तामुरामध्ये, किरणोत्साराच्या साफसफाईत काढलेल्या मातीगवताच्या पिशव्या पुरात नदीत वाहून गेल्या. असल्या पिशव्या आता बहुतेक गोळा करून प्लांटभोवतीच्या साठवणीत नेल्यात.

पण मला इथे भीती कशाची वाटली तर नदीची. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागातलं आमचं माहेर पाण्यात, मी इथून फक्त फोन लावत बसलेले. दोन महिन्यांनी १२ ऑक्टोबरला १९ नंबरचं तायफून (इथे नावानं कोणी बोलत नाही, नंबरच) आलं आणि इवाकीत नात्सुई नदी फुटली. आमचं घर वरच्या मजल्यावर, थेंब आला नाही, पण पाणी शुद्ध करायचं केंद्रच बुडालं आणि ४५ हजारांच्या आसपास घरांचे नळ कोरडे. भर पुरात रोज बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले, दोन महिन्यांपूर्वी सांगलीत हेच आईचं चाललं होतं. परत सप्टेंबर २०२३ ला इवाकीच्याच उचिगो भागात एका रात्रीत घरं पाण्याखाली, तेव्हा प्लांटला काही झालं नाही.

तर घर बघताना प्लांटचं अंतर मोजत बसू नका, हझार्ड मॅप (पूर-दरडीचा धोका दाखवणारा नकाशा) उघडा. २०२० पासून एजंटला पुराच्या नकाशावर घर कुठे येतं ते दाखवावंच लागतं, तो घाईत पान उलटेल, तुम्ही बोट ठेवून विचारा. भाडं फारच स्वस्त असेल तर मागे दरड किंवा पुढे नदी असणारच. पहिला मजला म्हणतात तो आपला तळमजला, दुसरा घ्या. विम्यात सुइसाई म्हणजे पुराचं कलम वेगळं असतं, ते नाही ना गाळलं बघा. तायफूनच्या आदल्या दिवशी बाथटब भरून ठेवायचा, थोडी रोख काढायची, ट्रेन बंद ठेवणार हे आधीच जाहीर करतात. मोबाइल किंचाळला आणि लेव्हल ४ (पाच पायऱ्यांच्या इशाऱ्यातली चौथी, घर सोडा म्हणणारी) दिसलं की मुलीला घेऊन निघायचं, ५ ची वाट बघायची नाही कारण ५ म्हणजे पाणी आलेलं तरी असतं किंवा अगदी दारात असतं.

आईंना पार्कातल्या त्या खांबाचा फोटो पाठवा, माझ्या सासूबाईंचा फोन त्यानंतर जरा आटोपशीर झाला. आणि घर नक्की करायच्या आधी भागाचं नाव इथे टाका, नदीपासून किती लांब आहे ते मी सांगते.