चिपखालचा फ्लक्स आणि चाळीसवर अडकलेली डिस्क

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, धायरीत राहतो. एक्स्टर्नल एसएसडीच्या केसमधली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी) उडाली होती, ती हॉट एअरने (गरम हवेच्या गनने) काढून नवीन बसवली, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची चिकट पेस्ट) जरा जास्तच लावला. आता डिस्क चालते पण कॉपी करताना सेकंदाला ३८-४० एमबीच्या वर जातच नाही, आधी ४०० यायचे. आणि पाऊस लागल्यापासून मधेच डिस्क गायब होते. मेडिकलमधून स्पिरिट आणून ब्रशने साफ केलं तर उलट पांढरा थर आला. चिपखाली फ्लक्स राहिलाय का?

उत्तर : राहिला असणार, पण तुमची दुखणी दोन आहेत आणि ती आधी वेगळी करू.

४० हा आकडाच सगळं सांगतोय. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणजे कागदावर ६० एमबी आणि प्रत्यक्षात हातात पडतात ३५-४०. यूएसबी ३ साठी पाठवायला एक आणि घ्यायला एक अशा तारांच्या वेगळ्या जोड्या असतात, त्यातली एक जरी नीट जोडली गेली नाही तर डिस्क काही तक्रार न करता यूएसबी २ वर चालू राहते. त्यामुळे आधी केबल बदलून बघा, मोबाईलच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच टाईप-सी केबलमध्ये या जोड्या नसतातच. हब काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. तरी ४०च आले तर भिंग घ्या आणि चिपच्या कडेची एकेक पिन बघा, मला वाटतं एखादी पिन पॅडला, म्हणजे तिच्या खालच्या बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्याला, धरलेलीच नाहीये. फ्लक्समुळे वेग असा बरोबर चाळीसवर येऊन थांबत नाही.

पावसात गायब होण्याबद्दल मात्र मला फ्लक्सचाच संशय आहे. नो-क्लीन नावाने मिळणारा फ्लक्स पुसला नाही तरी चालतो हे खरंय, पण तो पूर्ण तापला असेल तरच, आणि सिरिंजने जास्तीचा सोडलेला, चिपच्या पोटाखाली अर्धवट तापलेला फ्लक्स तसाच ॲक्टिव्ह राहतो, पुण्याच्या जुलैतली दमट हवा ओढून घेतो आणि शेजारशेजारच्या पिनांमध्ये थोडा करंट गळायला लागतो. क्रिस्टलच्या (चिपला ठोके देणारा छोटा भाग) किंवा रीसेटच्या (चिप पुन्हा सुरू करणाऱ्या) पिनेला बिघडायला एवढंही पुरतं.

पांढरा थर का आला? मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बऱ्याचदा ३० टक्के पाणी असतं. आणि मुख्य म्हणजे फ्लक्स नुसता विरघळून उपयोग नाही, तो बोर्डवरून बाहेर निघायला हवा, नाहीतर अल्कोहोल उडून जातं आणि तो तिथेच पसरून बसतो. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मागा. एसएसडी बाजूला काढा, बोर्ड झाकणाच्या काचेच्या डब्यात आयपीएमध्ये दहा मिनिटं बुडवा, मग तिरका धरून चिपच्या वरच्या कडेला सिरिंजने ताजं आयपीए सोडा आणि खालच्या कडेला टिश्यू लावून ठेवा, म्हणजे ते चिपखालून वाहत येईल. अशा चिपखालची फट जेमतेम केसाच्या जाडीएवढी, तिथे ब्रश पोचत नाही हो, कितीही घासा. तीन-चार वेळा करा आणि शेवटचा थेंब स्वच्छ काचेवर वाळवून बघा, कडं उमटलं तर अजून एकदा. पाण्यात विरघळणारा फ्लक्स असेल तर मात्र कोमट डिस्टिल्ड वॉटर लागेल. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणारं यंत्र) टाकू नका, क्रिस्टलला धोका असतो. आणि कळकळीने सांगतो, ओलं असताना हॉट एअर लावू नका, आयपीएची वाफ १२ अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. खिडकी उघडी ठेवून फॅनखाली रात्रभर वाळू द्या.

मग वेग मोजताना एकच मोठी फाईल घ्या, रॅमपेक्षा मोठी, २०-३० जीबीची. छोट्या फाईलला सुरुवातीचा आकडा रॅमचा असतो, डिस्कचा नसतो. आधीची आणि आताची तुलना त्याच केबलवर, त्याच पोर्टवर करा.

प्रश्न : घरचे फोटो-व्हिडिओ मिळून ५०० जीबी आहेत. बॅकअपला हार्ड डिस्क घेऊ की एसएसडी? – एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : ताई, साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १००-१३० एमबी देते म्हणजे सव्वा तास धरा, एसएसडी ४०० ने वीस-बावीस मिनिटांत संपवेल, आणि चुकून यूएसबी २ वर लावलंत तर दोन्हीला साडेतीन तास. फोटो छोटे आणि हजारोंनी असतील तर हार्ड डिस्क आणखी रेंगाळते. पण वर्षातून दोनदाच लावणार असाल तर ती रात्री लावून झोपा, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घेऊन तीच कॉपी माहेरी ठेवा.