फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टरसाठी जॉयस्टिक कशी सेट करावी? माझं हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहतच नाही.

विमानाचं प्रोफाइल तसंच वापरू नका, हेलिकॉप्टरसाठी वेगळं बनवा. स्टिकचे दोन अक्ष सायक्लिकला (हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवणारं नियंत्रण), थ्रॉटलचा दांडा कलेक्टिव्हला (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलून वर-खाली नेणारं नियंत्रण) आणि स्टिकचा पीळ पेडलला (नाक डावी-उजवीकडे वळवणारं नियंत्रण) द्या. दांडा इंजिनच्या थ्रॉटलला जोडू नका. बहुतेक मॉडेलमध्ये रोटरचा (फिरत्या पात्यांचा) वेग गव्हर्नर ही स्वयंचलित यंत्रणा सांभाळते. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्ह वर ओढला की पात्यांचा कोन वाढतो, म्हणून काही जण दांड्याचा अक्ष उलटा करतात. जे हाताला पटेल ते ठेवा, पण मग बदलत बसू नका.

तुमची खरी अडचण बहुधा संवेदनशीलतेची आहे. सायक्लिकचा डेडझोन (मधला भाग, जिथे स्टिक हलवूनही काही होत नाही) शून्याजवळ आणा, कारण हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहताना, सगळं काम मधल्या मिलिमीटरभर हालचालीत होतं. कर्व्ह (मध्याजवळ स्टिकचा प्रतिसाद सौम्य करणारी सेटिंग) साधारण १५ ते २० टक्के द्या. कलेक्टिव्हला मात्र कर्व्ह नकोच. पीळ थोडा सैल असेल तर तिथे लहानसा डेडझोन चालेल.

ट्रिमचं बटण (स्टिक सतत दाबून न धरता तीच स्थिती कायम ठेवणारं) अंगठ्याखाली हवंच, नाहीतर स्प्रिंगशी झुंजून मनगट दुखतं.

आणि कलेक्टिव्ह वाढवलं की पेडलही द्या: रोबिन्सन किंवा बेलच्या हेलिकॉप्टरला डावं, एअरबसच्या एच१२५ ला उजवं.