वाचक विचारतात: फादर आजारी आहेत, आम्ही काय करावं?

प्रश्न: आमच्या धर्मग्रामातल्या ३४ वर्षांच्या असिस्टंट फादरांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झालाय. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात केमो चालू आहे, राहतात चर्चच्या निवासातच. आम्ही आळीपाळीने डबा नेतो, भेटायला जातो. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सोडायला ते तयार नाहीत. आणखी काय करता येईल?
– एक वाचक, वाशी

उत्तर: आधी भेटायला जाणं कमी करा. दार वाजलं की फादर उठून बसतात, हसतात, तुमच्याच मुलांची चौकशी करतात, आणि तुम्ही गेल्यावर आडवे होतात. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत तर कुणीच जाऊ नये.

खरी गरज रात्रीची असते. घरात अंगाला हात लावून ताप ओळखणारं कुणीतरी असतं. निवासात स्वयंपाकी संध्याकाळी निघून जातो आणि मोठे फादर दुसऱ्या टोकाला झोपलेले असतात. म्हणून रोज एक जण शेजारच्या खोलीत झोपेल अशी पाळी लावा. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो, आणि कित्येकदा ताप एवढंच लक्षण असतं. फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट, औषधांची यादी आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा.

डबा गरम असताना खाल्ला तरच उपयोगाचा. बाराला आलेला डबा तीनला उघडला, तर त्यातूनच जुलाब लागू शकतात. कच्ची चटणी, कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळं नकोत. तोंड आलं असेल तर पेज किंवा मऊ खिचडी द्या, तिखट अजिबात नको.

मिस्सा सोडायला सांगू नका, ती त्यांचा प्राण आहे. पेशी कमी असतील त्या दिवसांत खोलीत एकट्याने करता येते. बरं वाटेल तेव्हा इतर फादरांबरोबर सहमिस्सा करावी, पण त्यांच्यासाठी द्राक्षारसाचा छोटा प्याला वेगळा ठेवावा. कोमुन्यांव (पवित्र भाकर) वाटायला दुसऱ्यांनी उभं राहावं, कारण जिभेवर देताना बोटांना लाळ लागते. शांतीचं हस्तांदोलनही टाळा, नमस्कार पुरे. उभं राहवत नसेल तर बसून मिस्सा करता येते. लोकांसमोर तशी करायची असेल तर बिशपांची परवानगी लागते (चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९३०). कोमुन्यांव घेण्याआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला माफ आहे, त्यामुळे मळमळीच्या गोळीबरोबर दोन बिस्किटं खाऊन ते वेदीवर जाऊ शकतात.

प्रश्न: फादरांसाठी आमचे ३० तरुण एकाच रविवारी प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) द्यायला तयार आहेत. नेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तयारी मोलाची आहे, पण सगळे एकदम नकोत. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. सगळ्यांचे रक्तगट आणि फोन नंबर लिहून ठेवा आणि रक्तपेढी मागेल तसे एकदोघेच पाठवा. वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर हवं, आधीचे ३ दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. मशीनवर दीड-दोन तास जातात, त्यामुळे पोटभर जेवून जावं. फादरांच्या सख्ख्या भावंडांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पुढे बोनमॅरो बदलायची वेळ आली तर तेच दाते ठरू शकतात, आणि आधी त्यांच्या पेशी दिल्या असतील तर शरीर तो बोनमॅरो नाकारू शकतं.

प्रश्न: आजाऱ्याला तेल लावण्याचा चर्चचा संस्कार करायचा म्हटलं की फादरांची आई रडू लागते. ‘आत्ताच कशाला?’ म्हणते.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: हा फक्त मरणाऱ्याचा संस्कार नाही, हे त्या माऊलीला शांतपणे सांगा. गंभीर आजार सुरू झाला की तो घेता येतो आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी दिलेल्या विधीप्रमाणे कपाळाला आणि हातांना तेल लावतात. ते दुसऱ्या धर्मगुरूनेच लावायचं असतं, म्हणून फादरांना आवडेल त्या मित्र-फादरांना बोलवा. पेशी कमी असतील तर बोटाऐवजी कापसाचा बोळा चालतो. आईला त्या वेळी मास्क लावून उशाशी बसू द्या.