नळ बंद, तरी रात्री प्रेशर पंप सुरू

प्रश्न : आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. शॉवरला जोर यावा म्हणून गच्चीवरच्या टाकीजवळ प्रेशर पंप बसवला. सोबत प्रेशर स्विच आणि २ लिटरची प्रेशर टँक आहे. महिनाभरापासून सगळे नळ बंद असतानाही दर वीसेक मिनिटांनी पंप काही सेकंद चालतो आणि थांबतो. प्लंबर स्विच बदला म्हणतोय. बदलावा का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : एवढ्यात नको. तुमचा स्विच बहुतेक चांगला आहे. पाइपातला दाब १.४ बारपर्यंत उतरला की तो पंप सुरू करतो आणि २.८ बारला बंद करतो. तुमच्या पंपाचे आकडे थोडे वेगळे असतील, पण रीत हीच. नळ न उघडता दाब उतरतोय, म्हणजे पाणी कुठून तरी निसटतंय. प्रेशर टँकमध्ये रबराच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा असते. २ लिटरच्या टँकमध्ये ही हवा बरोबर असेल तर या दोन दाबांमध्ये सुमारे ०.७ लिटर पाणी बाहेर पडतं. दर २० मिनिटांनी तेवढं, म्हणजे दिवसाला जवळपास ५० लिटर. नवा स्विच लावून ते थांबणार नाही.

आधी गळती पंपाकडे आहे की घरात, ते ठरवा. पंप आपोआप थांबला की त्याचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला बटणाचा ब्रेकर) पाडा आणि घराकडे जाणारा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. टँक आणि प्रेशर गेज या व्हॉल्व्हच्या पंपाकडच्या बाजूला हवेत. अर्धा तास गेजचा काटा पाहा. तो जागेवर राहिला तर गळती घरात. उतरला तर टाकी आणि पंप यांच्यामधला व्हॉल्व्हही बंद करून तीच चाचणी पुन्हा करा. आता काटा थांबला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसत नाही आणि पाणी उलटं टाकीत जातंय. टाकी धुतल्यावर गाळ किंवा टेफलॉन टेपचा तुकडा त्यात अडकतो. उघडून साफ करा, रबर झिजलं असेल तर व्हॉल्व्ह बदला आणि बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवा. तरीही काटा उतरला तर पंपाचे सांधे आणि शाफ्टचं सील कोरड्या कागदाने टिपून पाहा. एमसीबी चालू करण्याआधी टाकीकडचा व्हॉल्व्ह आठवणीने उघडा, नाहीतर पंप कोरडा फिरून सील जळेल.

गळती घरात निघाली तर पहिला संशय फ्लश टँकवर घ्या. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंचावर असेल तर नुसत्या उंचीचा दाब ०.३ बार असतो. पंप त्याच्या नऊपट दाब देतो. आजवर टिकलेला जुना फ्लोट व्हॉल्व्ह (फ्लश टँक भरली की पाणी बंद करणारा) त्यापुढे हार मानतो. फ्लश टँकमध्ये खाण्याचा रंग टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा वॉशर गेला, किंवा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत चढतंय. मग जेट स्प्रे पाहा: त्याचा अँगल कॉक रात्री बंद ठेवून फरक पडतो का?

गीझरचीही एक गंमत आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३५० मिलिलिटरने फुगतं. पूर्वी ते पाइपातून मागे टाकीत सरकायचं; आता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वाट अडवतो. दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, आणि गीझर निवला की दाब उतरून पंप एकदा चालतो. गीझर बंद केल्यावर तासाभराने असं होत असेल तर गळती शोधत बसू नका. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मात्र कधीही बुजवू नका.

सोलर असेल आणि पंप फक्त थंड पाण्याला असेल, तर मिक्सरमधून थंड पाणी गरम पाइपात शिरून सोलरच्या हवेच्या नळीतून सांडू शकतं. गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

प्रश्न : शॉवर चालू असताना आमचा पंप दर दोन सेकंदांनी टक-टक करत बंद-चालू होतो. टँक तर नवीच आहे.

उत्तर : टँकमधली हवा गेली आहे. एमसीबी पाडा, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून दाब शून्यावर आणा आणि टँकच्या टोकाशी असलेली, टायरला असते तशी पिन दाबा. पाणी आलं तर आतलं रबर फाटलंय; रबर किंवा टँक बदला. फक्त हवा आली तर सायकलच्या पंपाने भरा: पंप सुरू होतो त्या दाबापेक्षा २ पीएसआय कमी, म्हणजे २० पीएसआयला (सुमारे १.४ बार) सुरू होत असेल तर १८. नळ उघडा ठेवूनच मोजा. पाण्याचा दाब असताना गेज चुकीचा आकडा दाखवतो.