वाचकांचे प्रश्न : उपग्रहाला शेत कसे दिसते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे उपग्रहाद्वारे होणाऱ्या पीकपाहणीविषयी आहेत. त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझे अडीच एकर सोयाबीन आहे. मुलाने मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिले असून त्यात उपग्रहाने टिपलेला शेताचा रंगीत नकाशा दिसतो. ऑगस्टच्या मध्यावर पिकाची खालची पाने पिवळी पडू लागली, तरी नकाशात सगळे शेत गडद हिरवेच होते. मग उपग्रहाला नेमके दिसते तरी काय?
— एक शेतकरी वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : नकाशातला हिरवा रंग हा आपल्या पिकाचा रंग नव्हे. उपग्रहावरील संवेदक जमिनीवरून परत आलेला सूर्यप्रकाश निरनिराळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत मोजतो, त्या मोजमापांतून एक आकडा काढला जातो आणि ॲप तयार करणाऱ्याने त्या आकड्यासाठी ठरवलेला रंग नकाशात भरला जातो.

हा आकडा बहुधा एनडीव्हीआय या नावाने ओळखला जाणारा वनस्पती निर्देशांक असतो. निरोगी पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्याचा अगदी थोडा भाग परत येतो. याउलट डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश पानाच्या आतील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्यामुळे विखुरतो आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग माघारी येतो. अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करावे आणि येणाऱ्या उत्तराला त्या दोहोंच्या बेरजेने भागावे, की हा निर्देशांक मिळतो. पेरणीपूर्वीच्या मोकळ्या रानात तो साधारण ०.१ ते ०.२ असतो, दाट पिकात ०.८ च्या आसपास जातो आणि साचलेल्या पाण्यावर बहुतेक वेळा शून्याच्याही खाली उतरतो.

आपल्या शेतात घोटाळा झाला तो याच ‘दाट पिका’पाशी. सोयाबीनच्या ओळी एकमेकींना भिडून जमीन झाकली गेली, की निर्देशांक वरच्या टोकाला जाऊन जवळजवळ थांबतो. त्यानंतर पानांतील हरितद्रव्य थोडेफार घटले तरी त्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय संवेदक वरून पाहतो, त्यामुळे वरची पाने तजेलदार असतील तर खालची पिवळी पाने त्यांच्या आड राहतात. हरितद्रव्यातील घट लवकर कळावी यासाठी तांबडा पट्टा संपून अवरक्त पट्टा सुरू होण्याच्या सीमेवरील प्रकाश मोजावा लागतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवरील संवेदकात एकूण १३ पट्टे असून त्यांपैकी तीन या सीमेवरचे, म्हणजे ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटरच्या आसपासचे आहेत. ॲपमध्ये त्यांवर आधारलेला निर्देशांक निवडण्याची सोय असेल, तर पीक दाटल्यानंतर तोच पाहावा.

दुसरा मुद्दा पिक्सेलचा, म्हणजे चित्रातील सर्वांत लहान चौकोनाचा. सेंटिनेल-२ च्या तांबड्या आणि निकट अवरक्त पट्ट्यांत हा चौकोन १० मीटर लांब व तितकाच रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास एक गुंठा. (वर सांगितलेल्या सीमेवरच्या पट्ट्यांत तो २० मीटरचा, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा होतो.) अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे नऊ गुंठ्यांचा आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या मोडिस संवेदकाचा, त्याच्या सर्वांत बारीक पट्ट्यांतसुद्धा, पंधरा एकरांहून मोठा असतो. अडीच एकरांचे शेत चौकोनी असेल तर सेंटिनेलला त्यात पुरेसे निखळ पिक्सेल सापडतात. पण वाटण्या होऊन उरलेला वीस-पंचवीस मीटर रुंदीचा लांबट पट्टा असेल, तर निम्म्याहून अधिक पिक्सेलांत बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याची तूर आणि धुऱ्यावरचे गवत मिसळलेले असते. तण आणि पीक यांत हा निर्देशांक भेद करत नाही, हेही येथेच नोंदवावे. तणाने माजलेले रान नकाशात उत्तमच दिसते.

तिसरी शक्यता सर्वांत साधी आहे आणि आमच्या मते तीच प्रथम तपासावी : नकाशावरील तारीख. ऑगस्टमध्ये ढगांमुळे दोन-दोन, तीन-तीन आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही, आणि काही ॲप अशा वेळी जुनेच चित्र दाखवत राहतात.

प्रश्न : खरिपात आकाश भरलेले असते, मग पिकांवर उपग्रहातून लक्ष ठेवतात ते कसे?
— एक शिक्षिका, गोंदिया

उत्तर : प्रकाश मोजणारे संवेदक ढगांपुढे हतबल असतात. सेंटिनेल-२ किंवा भारताच्या रिसोर्ससॅटसारखे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. या वेळेची निवड करण्यामागे दुपारचे ढग जमण्यापूर्वी चित्र घेता यावे हाही एक हेतू असतो. मात्र मोसमी पावसाच्या ढगांना सकाळ-दुपार सारखीच. म्हणून आठ, दहा किंवा पंधरा दिवसांतील चित्रांतून प्रत्येक जागेचे सर्वांत स्वच्छ मोजमाप निवडून एक जुळवलेले चित्र तयार करतात.

याला पूरक म्हणून रडार वापरतात. रडार स्वतःच लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजते, त्यामुळे त्याला ना सूर्य लागतो ना निरभ्र आकाश. युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोने २०२२ साली सोडलेला ईओएस-०४ हे रडार उपग्रह सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात. आपल्या जिल्ह्यातील धानाच्या बाबतीत तर रडारचा उपयोग फार चांगला होतो. रोवणीच्या वेळी बांधीत साचलेले पाणी आरशासारखे वागून लहरी दुसरीकडेच परावर्तित करते, त्यामुळे ती जागा चित्रात काळी येते; पुढे फुटवे येऊन रोपे वाढली, की तीच जागा आठवड्या-आठवड्याने उजळत जाते. अंधारातून उजेडाकडे जाण्याचा हा क्रम इतर पिकांत सहसा दिसत नसल्याने धानाखालील क्षेत्र त्यावरून ओळखता येते. रडार हिरवेपणा मात्र मोजत नाही. त्याला कळते ती पिकाची ठेवण आणि ओलावा. अमेरिकेची नासा आणि इस्रो यांचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. तो दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परततो आणि त्याच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लांब लहरी पिकाच्या पर्णसंभारात अधिक खोलवर शिरतात.

प्रश्न : आमच्या तालुक्याचा निर्देशांक ‘बरा’ असल्याने दुष्काळाच्या यादीत नाव येणार नाही, असे ऐकले. उपग्रह दुष्काळ ठरवतो का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : एकटा उपग्रह ठरवत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीनुसार प्रथम पावसाची तूट आणि पावसातील खंड पाहतात. तो निकष लागू झाला, तरच पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, जलसाठ्यांची स्थिती आणि उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक यांचा विचार होतो आणि शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करावी लागते.

उपग्रहाचा आकडा येथे थेट वापरत नाहीत, तर त्याच जागेच्या त्याच पंधरवड्यातील मागील वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. समजा, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मागील वर्षांतील किमान निर्देशांक ०.३० आणि कमाल ०.७० होता, तर यंदाचा ०.४२ हा आकडा किमानापासून कमालीपर्यंतच्या अंतराच्या ३० टक्क्यांवर येतो. साठच्या वर चांगली, चाळीस ते साठ बरी, वीस ते चाळीस वाईट आणि वीसच्या खाली फार वाईट स्थिती, अशी प्रतवारी आहे. याच्या जोडीला निकट अवरक्त आणि १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा लघुलहरी अवरक्त पट्टा यांवरून पानांतील पाण्याचाही निर्देशांक काढतात, कारण पान पिवळे पडण्याआधी ते पाणी गमावते.

आपली शंका तरीही अनाठायी नाही. तालुक्याच्या सरासरीत नदीकाठचा ऊस आणि माळावरचा कोरडवाहू कापूस एकाच पारड्यात पडतात आणि ऊस पाण्यावर हिरवागार राहिला, तर कापसाची होरपळ सरासरीत बुडते. याची उलट बाजूही आहे : पाऊस लांबल्याने पेरणी तीन आठवडे उशिरा झाली, तर पीक निरोगी असूनही केवळ लहान असल्यामुळे आकडा पडतो. दिल्लीतील महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्रासारख्या संस्था शेतजमीन वेगळी काढून हे दोष कमी करतात, पण तालुक्यापेक्षा महसूल मंडळाच्या पातळीवर हिशेब करणे अधिक न्याय्य ठरेल असे आमचे मत आहे. त्यासाठी लागणारी बारीक चित्रे आता उपलब्ध आहेत. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या नियमित वापरासाठीच्या आपल्या पहिल्या दूरसंवेदन उपग्रहाच्या लिस-१ संवेदकाचा पिक्सेल सुमारे ७२ मीटरचा होता. आज रिसोर्ससॅटवरील लिस-३ या संवेदकाचा साडेतेवीस मीटरचा, तर लिस-४ चा ५.८ मीटरचा आहे. अडचण वारंवारितेची आहे. लिस-३ ची चित्रपट्टी १४१ किलोमीटर रुंद असल्याने एका उपग्रहाला त्याच गावावर पुन्हा येण्यास २४ दिवस लागतात, तर ७४० किलोमीटरची पट्टी टिपणारा ॲविफ्स हा रिसोर्ससॅटवरचाच संवेदक पाच दिवसांत येतो, पण त्याचा पिक्सेल एकतीस गुंठ्यांचा असतो. मंडळनिहाय हिशेब करायचा झाल्यास ही चित्रे सेंटिनेलच्या चित्रांशी जुळवूनच वापरावी लागतील.